वरळीची माणसं

आमच्या कासारवाडीला टीव्ही आला तो सिंहगडावरून. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि मुंबईचं चित्र पुण्याला दिसायला लागलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा. बहात्तरच्या दुष्काळातनं माणसं अजून नीट सावरली नव्हती, आणि पिंपरी-चिंचवडला कंपन्यांचे भोंगे तेवढे वेळेवर वाजत होते.

आमच्या आळीतला पहिला टीव्ही घेतला तो कंपनीत फोरमन असलेल्या एका गृहस्थानं. चार पायांचं लाकडी कपाट, पुढं सरकती दारं, आणि त्या दारांना कुलूप. टीव्हीला लायसन लागायचं, त्याचे पैसे पोस्टात भरायचे. कौलांवर चढून अँटेनाचं तोंड सिंहगडाकडं करणं हे काम आम्हा पोरांचं. खालून आवाज यायचा, "आलं का?" वरून विचारायचं, "दिसलं का?" चित्र सापडेस्तोवर निम्मा कार्यक्रम उरकलेला असायचा. तेव्हाचं सगळंच सोनं होतं असं मात्र कुणी समजू नये. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या मर्जीनं बसायचं. मोलमजुरी करणाऱ्यांची पोरं खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभी असायची, आणि बाया उंबऱ्याच्या आत येतच नव्हत्या.

आमच्या घरात दोन पार्ट्या होत्या. वडील, म्हणजे आमचे तात्या, शेतकरी. थोरले बंधू अण्णा कंपनीत कामगार. कासारवाडीत तेव्हा घरटी हीच गत होती. पिंपरीला 1954 साली पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली, मग एकामागोमाग एक कंपन्या आल्या आणि जमिनी गेल्या. एक भाऊ बांधावर, दुसरा भाऊ मशीनवर. दूरदर्शनवर दोघांचीही सोय होती. तात्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' आणि अण्णांसाठी 'कामगार विश्व'. मी दोन्ही बघायचो. 1976 ला दहावी झालो आणि तात्यांबरोबर शेतातच राहिलो, त्यामुळं माझा कल तात्यांच्या पार्टीकडं.

'आमची माती आमची माणसं'मधला 'गप्पागोष्टी' हा भाग लागला की आळी गप्प व्हायची. राजा मयेकर, माया गुजर ही मंडळी त्यात असायची. राजा मयेकर म्हणजे शाहीर साबळ्यांच्या लोकनाट्यातले नामी नट, 'यमराज्यात एक रात्र' गाजवलेले. पण इथं ते आपल्या चावडीवर बसल्यासारखे बोलायचे. एक जण अडाण्यासारखं विचारणार, दुसरा थट्टा करणार, आणि त्या थट्टेतनंच बियाणं, खत, फवारणी, कर्ज यांची माहिती कळत जायची. शेतकी खात्याच्या छापील कागदावर जे कुणी वाचलं नसतं, ते आमच्या म्हाताऱ्या बायकांनासुद्धा पाठ झालं. आमची आई मेथीला पाणी देताना त्यांच्यातल्या एकीची नक्कल करायची.

आता ही माणसं आम्हाला भेटायची कुठं, हे सांगितलं पाहिजे. त्याचं कारण आमचा रस्ता. एक्सप्रेसवे पुरा झाला 2002 साली. त्याच्या आधी मुंबईहून पुण्याला येणारी गाडी बोरघाट चढून, लोणावळा-तळेगाव करत, आमच्या दारावरून जायची. नाशिकचा रस्ता फुटतो तो नाशिक फाटाही आमचाच. पुण्याला बालगंधर्वला रात्रीचा प्रयोग करून नाटकाच्या गाड्या मुंबईला परतायच्या, त्या एक-दीडच्या सुमाराला फाट्यावर चहाला थांबायच्या. आम्ही भाजीच्या जुड्या बांधून मंडईच्या टेम्पोची वाट बघत तिथंच बसलेलो असायचो. गाडीतून उतरलेल्या माणसाच्या कानामागं रंग राहिलेला असायचा. कालपरवा टीव्हीवर पाहिलेला माणूस शेजारी बाकड्यावर बसून बशीत चहा ओततोय, असं कितीदा झालं. आम्ही बघायचो, तेही बघायचे. "मेथी काय भाव गेली?" एवढं विचारायचे आणि गाडीत बसायचे.

ही माणसं एवढी साधी कशी, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. स्वभाव चांगला हे तर आहेच, पण नुसत्या स्वभावावर सोडून चालत नाही. त्यातल्या बहुतेकांची चूल टीव्हीवर पेटत नव्हती. 'चिमणराव' मालिकेनं महाराष्ट्राला वेड लावलं. त्यातले गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे मुंबई महापालिकेत नोकरीला होते, आणि चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर औषध कंपनीत. बातम्या सांगणारे अनंत भावे प्राध्यापक होते. स्मिता पाटील बातम्या द्यायच्या, तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढं बसायच्या, असं सांगतात. पडद्यावर दिसायचं तेवढंच नीटनेटकं, बाकी आपलं रोजचं. ज्याला सकाळी हजेरी लावायची आहे, त्याला रात्री देव होऊन कसं चालेल?

याचा दाखला अण्णांना मिळाला. त्यांच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची आणि रात्री करमणुकीचा कार्यक्रम. एका वर्षी 'गजरा'मध्ये दिसलेले एक विनोदी नट आले होते. त्यांचं नाव मी घालत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. कार्यक्रम संपल्यावर साहेबलोकांनी त्यांच्यासाठी वेगळं टेबल मांडलं होतं. ते गेले कॅन्टीनच्या रांगेत. हातात ताट घेऊन अण्णांच्या मागं उभे. जेवताना सारखं घड्याळ बघत होते. अण्णांनी विचारलं, "काय साहेब, उद्या शूटिंग का?" ते म्हणाले, "कसलं शूटिंग! सकाळची ड्युटी आहे. लेट मार्क पडला तर अर्धी रजा जाती." अण्णा ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले. त्यात त्यांना काय सापडलं होतं ते मला उशिरा समजलं. कंपनीतल्या कामगाराला चारचौघांत आपण कमी वाटायचो. पुण्याची माणसं तर आम्हाला गावंढळच समजत. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसालाही लेट मार्कची भीती आहे म्हटल्यावर अण्णांची मान सरळ झाली.

तात्यांची भेट याहून मोलाची. साल 1984, थंडीचे दिवस. रेल्वेच्या पलीकडं नदीच्या अंगाला आमची बावीस गुंठे जमीन राहिली होती, बाकीची आधीच गेलेली. तेवढ्यावर पालेभाजी करून घर चालायचं. पण दोन वर्षं झाली, मेथीची पानं कडेनं करपत होती. कोथिंबीर वीतभर झाली की पिवळी पडायची. विहिरीच्या पाण्याची चव बदललेली. कुणी म्हणायचं नदीचं पाणी नासलंय, ते विहिरीत मुरतंय. कुणी म्हणायचं खत जास्त झालं. गिऱ्हाईक तर दर आठवड्याला दारात यायचं, "तात्या, आता काय ठेवलंय शेतात? देऊन टाका." तात्या आतून हलले होते. आणखी एक हंगाम गेला असता तर त्यांनी कागदावर अंगठा केलाच असता.

एक दिवस पहाटे फाट्यावर दूरदर्शनची गाडी थांबली. मंडळी खेड-मंचरकडं बटाट्याचं चित्रण करायला निघालेली. त्यात शेतीच्या कार्यक्रमात दिसणारे एक कलावंत होते. आवाजावरनं ओळख पटली. तात्या तडक उठले आणि त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. रामराम नाही, काही नाही. "मेथी करपतीय दोन वर्सं. काय करू सांगा."

त्या माणसानं ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "बाबा, खरं सांगू का? मी नट आहे. शेतीतलं मला काही कळत नाही. शेतकी खात्याची माणसं माहिती देतात, ती आम्ही आपल्या बोलीत सांगतो. मी माझ्या मनानं काहीतरी सांगीन आणि तुमचं पीक जाईल."

मला वाटलं, तात्या आता चिडणार. पण ते तिथंच बाकड्यावर बसले. त्या माणसानं खिशातली डायरी काढली आणि सगळं विचारून घेतलं. जमीन किती, पाणी कुठलं, पानं कुठून करपतात, खत कोणतं. बरोबरचे लोक गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. त्यानं पत्ता लिहून घेतला, गावाचं नाव परत एकदा विचारलं आणि गेला.

तीन आठवड्यांनी वरळीहून पोस्टकार्ड आलं. अक्षर बारीक, कडेनंसुद्धा लिहिलेलं. तज्ज्ञांना विचारलं आहे, पाणी तपासल्याशिवाय काही करू नका. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात माती आणि पाणी घेऊन जा. बाटली स्वच्छ धुवा आणि विहिरीच्या पाण्यानंच विसळा. शेवटी लिहिलं होतं, कळवा.

तात्या लोकलनं शिवाजीनगरला गेले. एका पिशवीत मातीची पुडी, दुसऱ्या पिशवीत पाण्याची बाटली. तपासणीत पाण्यात क्षार फार निघाले. तिथल्या सरांनी समजावलं की या पाण्यावर नाजूक पालेभाजी तग धरणार नाही, चाऱ्याचं गवत धरील. तात्यांनी गजराज गवत लावलं, दोन म्हशी घेतल्या आणि कामगारांच्या चाळींना दूध घालायला लागले. त्या बावीस गुंठ्यांवर आमचं घर आणखी बारा वर्षं चाललं. माझ्या दोन बहिणींची लग्नं त्यात झाली. जमीन शेवटी गेली ती 1996 ला. पण ती भीतीनं दिली नाही, ठरवून दिली. आलेल्या पैशातून खेड तालुक्यात चाकणच्या पुढं जमीन घेता आली. पुढं कंपन्या आमच्या मागं मागं चाकणलाही आल्या, ती गोष्ट वेगळी.

"मला कळत नाही" हे तीन शब्द त्या कलावंतानं ऐन बाजारात, चार माणसांपुढं सांगितले. तात्यांचा विश्वास बसला तो त्या शब्दांवर. टीव्हीवर दिसतो म्हणून आपल्याला सगळं कळतं, असं त्याला वाटत नव्हतं. आज मोठमोठे नट खताची, बियाण्याची जाहिरात करतात. पोतं हातात धरून हसतात. त्यांना माझं म्हणणं एवढंच आहे, की त्यातलं तुम्हाला काय कळतं तेही एकदा सांगा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तेव्हा केंद्र एकच होतं. बघणारा कुठं पळून जाणार नव्हता, त्यामुळं त्याला धरून ठेवायची घाईही नव्हती. आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप'मुळं तर गावोगावी ज्ञानदीप मंडळं निघाली. माणसं नुसती बघत बसली नाहीत, एकत्र येऊन कामाला लागली. 1987 ला 'रामायण' लागलं, तेव्हा आमच्या हायवेवरसुद्धा रविवारी सकाळी शुकशुकाट व्हायचा. काही घरांत टीव्हीला हार घालत. मला वाटतं, पडद्यावरचा माणूस आणि आपण यांच्यात अंतर पडायला तिथून सुरुवात झाली. पुढं 1992 ला झी आलं, 1999 ला अल्फा मराठी आलं. कार्यक्रम वाढले, रंग वाढले, नटांना पोटापुरतं काम मिळायला लागलं. हे चांगलंच झालं. नटानं दिवसा नोकरी आणि रात्री नाटक करून हाडं का झिजवावीत? पण फाट्यावरचा चहा मात्र बंद झाला. नाटकाच्या गाड्या एक्सप्रेसवेनं बाहेरच्या बाहेर जाऊ लागल्या. त्याच रस्त्यावर फेब्रुवारी 2001 मध्ये भक्ती बर्वे अपघातात गेल्या. बातम्या सांगणारा तो स्वच्छ आवाज आमच्या आईला फार आवडायचा. त्या दिवशी तिनं संध्याकाळी टीव्ही लावू दिला नाही.

आता फाट्यावर दुमजली पूल आहे, वरून मेट्रो जाते. मध्यंतरी तिथल्या एका दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली नटी आली होती. चारी बाजूंनी धिप्पाड माणसं. माझ्या नातवानं लांबून फोटो काढला, त्यात तिचा नुसता हात आलाय. पोरगी बिचारी चांगली असेल. मेथीचा भाव विचारायला तिला कुणी थांबूच दिलं नाही.

राजा मयेकर मे 2020 मध्ये गेले. लॉकडाऊन होता, कुणी कुणाकडं जाऊ शकत नव्हतं. त्या संध्याकाळी आमच्या आळीतल्या जुन्या सवंगड्यांचे चार फोन आले. एक पिंपळे गुरवला असतो, एक मुलाकडं मोशीला. कुणी त्यांच्या लोकनाट्याचं बोललं नाही. प्रत्येकानं 'गप्पागोष्टी'त ऐकलेली शेतीची एकेक गोष्ट काढली. तिघांकडं तर आता शेतही नाही. माझ्याकडं आहे. पुढच्याच महिन्यात सोयाबीनच्या बियाण्याला औषध चोळताना मी सुनेला म्हणालो, "सावलीत वाळव, उन्हात नको." तिनं विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हणालो, "वरळीच्या माणसांनी."