उत्क्रांतीय अभिकल्प

निवड, संकर आणि उत्परिवर्तन या जैव प्रक्रियांचे अनुकरण करणाऱ्या अल्गोरिदमच्या साहाय्याने वस्तूची रचना शोधण्याची पद्धत. अभियंता येथे आकार काढत नाही. वस्तूने काय साधावे याची कसोटी ठरवतो. यदृच्छया तयार केलेल्या रचनांमधून सरस ठरलेल्या निवडायच्या, त्यांच्यात किंचित फेरफार करून पुढची पिढी घडवायची, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

आरंभ प्रत्यक्ष वस्तूवरच झाला. 1964 मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेशेनबर्ग यांनी बिजागऱ्यांनी जोडलेली नागमोडी पट्टी वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली. सांध्यांचे कोन यदृच्छया बदलायचे आणि हवेचा रोध घटला तरच बदल ठेवायचा, एवढाच नियम होता. पट्टी अखेर जवळजवळ सपाट झाली.

या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नासाच्या ‘एसटी-5’ मोहिमेतील अँटेना. ग्रेगरी हॉर्नबी, जेसन लोन आणि डेरेक लिंडेन यांच्या गटाने तार किती पुढे न्यायची, कुठे व किती वळवायची या सूचनाच उत्क्रांत होऊ दिल्या. तार हुबेहूब वळवणे कारागिराला शक्य नसते, हे जाणून चाचणीत कोनांना मुद्दाम लहान चुका जोडल्या. मोहिमेची कक्षा बदलली, तेव्हा कसोटी बदलून महिन्याभरात नवी रचना मिळाली. वेड्यावाकड्या टाचणीसारखी दिसणारी ही अँटेना 22 मार्च 2006 रोजी तीन छोट्या उपग्रहांवरून अवकाशात गेली; संगणकाने उत्क्रांत केलेली ती अवकाशातील पहिली वस्तू मानली जाते. असा आकार कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नसता, हेच या पद्धतीचे खरे बळ.

2000 मध्ये हॉड लिप्सन आणि जॉर्डन पोलॅक यांनी ब्रँडाइस विद्यापीठात सरपटणाऱ्या यंत्रांचे आराखडे उत्क्रांत केले आणि त्यांचे प्लॅस्टिकचे सांगाडे त्रिमितीय छपाईने घडवले. माणसाने फक्त मोटारी बसवल्या.

मुख्य अडचण प्रतिरूपण आणि वास्तव यांतील दरीची. संगणकात उत्तम चालणारे यंत्र जमिनीवर घसरते, अडखळते. उलट टोकाचा अनुभव 1996 मध्ये ससेक्स विद्यापीठातील एड्रियन थॉम्पसन यांना आला. त्यांनी प्रतिरूपण टाळून थेट चिपवरच मंडल उत्क्रांत केले. 1 आणि 10 किलोहर्ट्झचे स्वर ते अचूक ओळखे. मात्र त्या सिलिकॉनच्या सूक्ष्म भौतिक गुणधर्मांवर ते इतके विसंबले होते, की चिपच्या दुसऱ्या भागात हलवताच त्याची अचूकता घसरली. म्हणून उत्क्रांत रचना प्रत्यक्ष घडवून, वेगवेगळ्या परिस्थितींत मोजल्याशिवाय स्वीकारू नये.