अंगणवाडीचं अंगण

बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांत सकाळी अंगणवाडीची मदतनीस घरोघर फिरताना दिसते. एक लेकरू कडेवर, एकाचं बोट धरलेलं, दोघं-तिघं मागून पाय ओढत येतायत. कुणाची चड्डी नीट करायची, कुणाचं नाक पुसायचं, कुणाच्या आजीला विचारायचं, "काहून नाही धाडलं काल?" कापूस वेचणीच्या दिवसांत ही फेरी लवकर निघते, कारण आया उन्हं चढायच्या आत वावरात गेलेल्या असतात. सरकारी कागदांत हे मदतनीसाच्या कामांपैकी एक काम आहे. पण अंगणवाडीचं कूळ शोधत गेलं, तर ही सगळी संस्था याच फेरीतून जन्मलेली दिसते.

मूळ गाव बोर्डी. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. साल १९४५. ताराबाई मोडक तोवर बालशिक्षणातलं मोठं नाव झालेल्या होत्या. त्या मूळच्या मुंबईच्या, पण लग्नानंतरची काही वर्षं त्यांनी अमरावतीत काढली होती, त्यामुळे वऱ्हाड त्यांना परकं नव्हतं. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. गिजुभाई पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारातून ते मारिया मॉन्टेसरींच्या लिखाणापर्यंत पोहोचले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर उघडलं. मॉन्टेसरींचं पहिलं बालगृह १९०७ सालचं, रोममधल्या सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीतलं. मुलाच्या उंचीची खुर्ची, मुलाला स्वतः उघडता येईल असं कपाट, मुलाला उचलता येईल असा पाण्याचा जग या गोष्टी तिथून जगभर गेल्या. मुलाच्या मापाने जागा घडवली की मूल मोठ्यांच्या हाताची वाट पाहत बसत नाही, हा शोध साधा वाटतो. पण त्याआधी शाळा बांधणाऱ्यांनी मुलाची उंची हा विचाराचा विषय केला नव्हता.

भावनगरच्या मंडळींनी हे जसंच्या तसं घेतलं नाही. मॉन्टेसरींना परीकथांचं वावडं होतं, गिजुभाईंनी गोष्टीला बालमंदिरात मानाचं पान दिलं. गाणी आली, नाच आला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं, ते चांगलं चाललं. तरीही तिथे येणारी मुलं मध्यमवर्गाची होती आणि वापरायची साधनं महाग होती. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. म्हणून बोर्डी.

अनुताई वाघ त्यांना तिथल्या कामात साथीला मिळाल्या. १९१० साली मोरगावात जन्मलेल्या, लहानपणी लग्न होऊन लगेच विधवा झालेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला आल्या आणि आयुष्यभर त्या कामातून बाहेर पडल्या नाहीत. दोघींनी बोर्डीत बालवाडी उघडली. जागा होती, साधनं होती, शिकवणाऱ्या होत्या. दलित वस्तीतली मुलं मात्र येत नव्हती. कुणी धाडत नव्हतं. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं. कुणाच्या घरच्यांना ती जागा आपल्या मुलांसाठी आहे असं वाटतच नव्हतं, आणि तसं न वाटण्याला शेकडो वर्षांचं कारण होतं.

त्यावर ताराबाईंनी जे केलं, ते मला त्यांच्या सगळ्या कामात मोठं वाटतं. मुलं का येत नाहीत म्हणून पालकांना दोष न देता त्या बालवाडीच वस्तीत घेऊन गेल्या. कुणाच्या तरी दारापुढचं अंगण झाडून घ्यायचं, मुलांना हाका मारायच्या, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी-गोष्टी-खेळ सुरू करायचे. आया दारात उभ्या राहून बघत. बालवाडीचे मग दोन प्रकार झाले: एक गावातली मध्यवर्ती, दुसरी अंगणातली. साधनंही बदलली. रंगवलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी चिंचोके, शंख-शिंपले, खडे, पानं, माती, बांबूच्या कांड्या आल्या. मोजायला, लावायला, जुळवायला, वेगळं करायला यातलं काहीच कमी पडत नव्हतं.

१९५७ च्या सुमाराला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ झाली. धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत न येणारी आठ वर्षांची बहीण आता धाकट्याला घेऊनच येऊ शकत होती. जी पोरं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतायत आणि शिक्षक कुरणात आहेत. मूल जिथे आहे ती शाळेची जागा, हे तत्त्व इतकं टोकापर्यंत नेलेलं मला दुसरीकडे फार दिसत नाही. विदर्भात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, शांता नारूलकरांनी नई तालीमची पूर्व-बुनियादी शाळा उभी केली. तीही याच जातकुळीची. मुलाचं घर, त्याचं पाणी, त्याची स्वच्छता, त्याचं खाणं यांपासून शिक्षण वेगळं काढायचं नाही, ही त्या शाळेची धारणा होती.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतलं नाव देशभर गेलं. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने योजना सार्वत्रिक करण्याचा आदेश दिला, तेव्हा सहा वर्षांखालची चाळीस मुलं असलेल्या वाडी-पाड्याला मागणी करून अंगणवाडी मिळवण्याचा हक्कही दिला. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत भिल्ल, कोरकू, निहाल कुटुंबांच्या विखुरलेल्या वस्त्या आहेत. तिथे या चाळीसच्या आकड्याला फार अर्थ आहे. चार किलोमीटर डोंगर उतरून तीन वर्षांचं मूल कुठेही जाऊ शकत नाही.

योजनेने भूक आणि आजार यांना पुढे ठेवलं, ते बरोबरच होतं. महाराष्ट्राने २००५ साली कुपोषणाविरुद्ध जे मिशन काढलं, त्याला सिंदखेडराजाच्या लेकीचं, राजमाता जिजाऊंचं नाव दिलं. पण या ओघात अंगणवाडीची जागा हळूहळू बदलली. मोकळी होती ती बंद झाली. खोली आली, खोलीत धान्याच्या गोण्या आल्या, तेलाचे डबे आले, वजनकाटा आला, रजिस्टरांचं कपाट आलं. जी जागा उरली तिथे सतरंजी अंथरून मुलं बसवायची. रोजगार हमीच्या जोडीने बांधायच्या इमारतीसाठी पुढे ६०० चौरस फुटांचा नमुना ठरला. त्यात बसायची खोली, स्वयंपाकघर, कोठी, लहान मुलांचं स्वच्छतागृह आणि खेळायला जागा आहे. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत किंवा समाजमंदिरात अंगणवाडी भरवलेल्या सेविकेला विचारा, ती सांगेल की हे किती मोठं पाऊल आहे.

अडचण नमुन्यात नसते, तो उतरवण्यात असते. तीन वर्षांचं मूल साधारण तीन फूट उंच असतं. आपल्याकडे खिडकीची उंबरपट्टी जमिनीपासून तीन फुटांवर घेण्याची गवंड्याची सवय आहे. त्या खिडकीतून मुलाला आभाळाचा एक तुकडा दिसतो. रस्ता, बकरी, टोपली घेऊन चाललेली आई यांतलं काहीच दिसत नाही. हीच उंबरपट्टी दीड फुटावर घेतली आणि गज जवळजवळ लावले, की खिडकी मुलाची होते. पायरी चार-पाच इंचांची केली, तर मूल रांगत न चढता चालत चढतं. भिंतीच्या तळापासून दोन-तीन फूट काळा रंग मारून घेतला, की हात वर करून दमणारी पोरं बसल्या बसल्या खडूने रेघा ओढतात. या तिन्ही गोष्टींना वेगळा पैसा जवळपास लागत नाही. बांधकामाच्या आधी कुणीतरी मुलाच्या उंचीवर बसून विचार करावा लागतो, एवढंच.

बुलढाण्यात दोन मुलुख आहेत, हे इथला माणूस पत्ता सांगतानाच सांगतो: घाटावरचं आणि घाटाखालचं. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. राजूर घाट उतरून खाली आलं की उन्हाळा वेगळाच लागतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अशा ठिकाणी सपाट स्लॅबची किंवा पत्र्याची एकच खोली, उत्तर-दक्षिण वाऱ्याला वाट नाही, दारापुढे सावली नाही, ही रचना अकरा वाजता मुलांना घरी पाठवण्याचीच सोय आहे. जुन्या वऱ्हाडी घरांनी हा प्रश्न सोडवलेला होता. धाब्याच्या छतावर पांढऱ्या मातीचा जाड थर, पुढे ओसरी, ओसरीपुढे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणाच्या कडेला कडुनिंब. मुलं दिवसभर ओसरी आणि अंगण यांच्यामध्ये ये-जा करत, सावली सरकेल तशी सरकत. अंगणवाडीला ओसरी द्या, असं मी म्हणतो ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही. आत-बाहेरच्या मधली, सावलीची, लहान मुलाला धाक न वाटणारी जागा याहून चांगली मला ठाऊक नाही.

जमिनीचंही तसंच. आपल्याकडे काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. गावं पांढरीवर वसली. नव्या इमारतीला गावात जागा मिळत नाही, म्हणून ती गावाबाहेर काळीवर जाते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोल नेऊन, काळी काढून मुरूम भरला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला चीर पडते आणि फरशी उचलते. शिवाय गावाबाहेर गेलेली अंगणवाडी लेकरांपासून दूर जाते. मग मदतनीसाची फेरी लांबते आणि पावसात थांबते. बोर्डीत जे सुटलं होतं, ते आपण जागेच्या निवडीत पुन्हा ओढवून घेतो.

घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा प्रश्न वेगळा. जमिनीखालचं पाणी खारं. सक्षम अंगणवाडीच्या नव्या योजनेत एलईडी पडदा, जलशुद्धीकरण यंत्र आणि परसबाग आहे. त्यातलं यंत्र इथे खरोखर हवं आहे. परसबाग मात्र खाऱ्या पाण्यावर उभी राहत नाही, तिला छपरावरून पडणारं पावसाचं पाणी टाकीत धरूनच जगवावं लागेल. झाड लावायचं तर कडुनिंब, तो तग धरतो.

दिल्लीच्या ‘विन्यास’ या संस्थेतले वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांनी ‘बाला’ ही कल्पना मांडली: इमारत स्वतःच शिकण्याचं साधन व्हावी. दार उघडतं तिथे फरशीवर कोन, खिडकीच्या गजांत आकार, जिन्यावर आकडे. आपल्याकडच्या जिल्हा परिषदांनीही ती उचलली. कल्पना ताराबाईंच्या चिंचोक्यांची नातलगच आहे. पण बऱ्याच ठिकाणी तिचं फक्त रंगकाम झालं. छतालगत, मुलाच्या डोक्यावर सात-आठ फुटांवर मुळाक्षरं, फळं, राष्ट्रपुरुष, सगळं एकाच चित्रकाराच्या हातचं. मुलाला त्याला हात लावता येत नाही. ज्याला हात लावता येत नाही, ओतता-उचलता येत नाही, ते तीन वर्षांच्या मुलासाठी नसल्यासारखंच आहे. रंगाचा खर्च अंगणात टाका, असा माझा आग्रह आहे.

अंगण म्हणजे काय काय? सावलीत चाळलेल्या वाळूचा हौद. पाणी ओतायला वाट्या, जुनी गाळणी, नरसाळं. एक फूट उंचीचा ओटा, चढायला आणि उडी मारायला. मातीचा थोडा उंचवटा. तुराट्यांचं कुंपण, म्हणजे गुरं आत येणार नाहीत आणि सेविकेचा जीव टांगणीला लागणार नाही. सुगीत ज्वारीची कणसं, सरकी, तुरीच्या शेंगा हाताळायला मिळतात, त्या सोलता सोलता बोटांना जी चपळाई येते ती पुढे पेन्सिल धरताना लागते. अंगणाच्या पलीकडे गाव आहे. कुंभाराचं चाक फिरत असेल तर तिथे, खळ्यावर मळणी चालू असेल तर तिथे, दहा पोरं एका दोरीला धरून घेऊन जाणारी सेविका मुलांना जे दाखवते ते कुठल्या तक्त्यावर मावत नाही. अशा सेविका तालुक्यात दोन-चार तरी असतात. त्यांना वरून कुणी सांगितलेलं नसतं. मासिक बैठकीत त्यांच्या अहवालाचा विषय वजन आणि आहार एवढाच असतो, दोरीचा नसतो.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा लागतो. हा पैसा बरेचदा वर्षअखेरीस खुर्च्या, सतरंज्या आणि भांडी यांवर उरकला जातो. त्याच पैशात वाळूची एक ट्रॉली, ओट्यापुरत्या विटा, पावसाच्या पाण्याची टाकी आणि कुंपणाची मजुरी निघते. पहिल्या वर्षी एवढं पुरे. कडुनिंबाची रोपं पावसाळ्याच्या तोंडावर सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मागता येतात. त्यांना पहिले दोन उन्हाळे बाहेरून पाणी घालावं लागतं, आणि हे काम कुणी करायचं ते ग्रामसभेत नाव लिहूनच ठरवायला हवं.