डिझेल पिकअप चढाला दम टाकते? पंप बदलण्याआधी हे तपासा

सावंतवाडीकडून मासळी भरून आंबोली घाट चढताना, किंवा धामणोदहून इंदूरकडे येताना मानपूरच्या चढाला पिकअप एकदम ओढेनाशी होते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चालते. सपाटीला आली की पुन्हा बरी. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की 'पी ००८७' हा कोड निघतो आणि अनेकदा तिथेच 'पंप गेला' असा निकाल लागतो.

या कोडचा अर्थ एवढाच, की रेलमध्ये हवा तितका दाब तयार होत नाही. कारण टाकीच्या झाकणापासून इंजेक्टरपर्यंत कुठेही असू शकते. हायप्रेशर पंपाचा खर्च मालकाच्या कित्येक फेऱ्यांची कमाई खातो. फिल्टर किंवा रबरी पाइप त्या मानाने फार स्वस्त. म्हणून तपासणी टाकीकडून इंजिनकडे, स्वस्ताकडून महागाकडे करत जावी.

दाब दोन ठिकाणचा

बोलेरो पिकअप असो की टाटा योद्धा, आजच्या डिझेल पिकअपमध्ये कॉमन रेल पद्धत असते. तिचे दोन भाग पडतात.

पहिला कमी दाबाचा: टाकी, पाइप, पाणी वेगळे करणारा फिल्टर आणि फीड पंप. काही गाड्यांत हा पंप टाकीतच असतो, विजेवर चालतो आणि डिझेल पुढे ढकलतो. काहींत तो हायप्रेशर पंपालाच जोडलेला असतो आणि टाकीतून डिझेल ओढून घेतो.

दुसरा जास्त दाबाचा: हायप्रेशर पंप, रेल, दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह, सेन्सर आणि इंजेक्टर. इंजिन गरम होऊन आयडलला असताना रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो, पूर्ण लोडवर तो १६०० बार किंवा त्याहून वर जातो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. म्हणजे १६०० बार झाले २३ हजार पीएसआयच्या वर. टायरमध्ये हवा भरताना आपण ५०-६० पीएसआय बोलतो, त्यावरून अंदाज यावा.

पहिल्या भागातून पुरेसे डिझेल आले नाही, तर दुसरा भाग धडधाकट असूनही दाब पडतो.

गाडी काय करते ते आधी नीट पाहावे

आयडलला ठीक, पण लोड पडला की दम टाकते: डिझेल कमी पोहोचते आहे. फिल्टर, टाकीतली जाळी किंवा दबलेला पाइप यांच्यावर पहिला संशय.

सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर ठीक: कुठेतरी हवा शिरते आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरते.

थंड असताना लगेच चालू होते, गरम झाल्यावर बंद केली की चालू होत नाही: गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून किंवा पंपातून जास्त परत जाते.

ही माहिती चालकालाच असते. फिटरला 'पिकअप नाही' एवढेच सांगण्यापेक्षा कधी, किती लोडवर, थंड की गरम, हे सांगितले तर अर्धे काम होते.

तपासणीचा क्रम

१. टाकी आणि झाकण. टाकीत डिझेल किती आहे ते काटा सोडून प्रत्यक्ष पाहावे. झाकणाचे हवेचे भोक मातीने बुजले असेल तर टाकीत पोकळी तयार होते. गाडी दम टाकत असताना बाजूला घेऊन झाकण उघडावे. फुस्स आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी पुन्हा ओढू लागली, तर दोष झाकणाचा.

२. पाणी. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी जड असल्याने तळाला बसते. राज्याराज्यांत दर वेगळा असल्याने सीमाभागात काही जण कॅन-बॅरलमध्ये डिझेल भरून ठेवतात. पावसाळ्यात अशा बॅरलमध्ये पाणी धरते आणि पुढे काळपट शेवाळासारखा गाळ तयार होतो. तोच फिल्टर चोंदवतो.

३. फिल्टर. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला तो बदललेला नसेल, तर पुढे काहीही तपासण्याआधी तो बदलावा. नव्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूत कॅनमधले न गाळलेले डिझेल ओतू नये. हातपंपाने डिझेल भरून हवा काढावी. हातपंप नसलेल्या गाडीत चावी काही वेळा चालू-बंद करून विजेच्या पंपाला डिझेल भरू द्यावे.

४. हवा. ओढून घेणाऱ्या पद्धतीत पाइपला चीर असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यामुळे 'कुठे ओले नाही, म्हणजे पाइप चांगला' हा समज फसवतो. फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता लावून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. सतत बुडबुडे दिसले तर क्लिप, वॉशर आणि रबरी पाइपचे जोड एकेक करून तपासावेत.

५. फीड पंप. गेजने दाब किंवा ओढ मोजून पुस्तकातल्या आकड्याशी ताडावी. विजेचा पंप असेल तर आधी फ्यूज, रिले आणि अर्थिंग पाहावे.

६. स्कॅनरवरचे आकडे. कोड वाचून थांबू नये. गाडी लोडवर चालवून 'मागितलेला दाब' आणि 'मिळालेला दाब' शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत अंतर कधी पडते, ते पाहिले की दोष कुठल्या बाजूला आहे ते समजते. सेन्सरचीही खात्री करावी. बराच वेळ बंद असलेल्या इंजिनवर, फक्त चावी चालू असताना, बहुतेक सेन्सर सुमारे ०.५ व्होल्ट दाखवतात. आकडा यापासून फार दूर असेल तर सेन्सर किंवा वायर संशयित.

७. इंजेक्टरचे परतीचे डिझेल. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या पाइपला सारखी बाटली लावून ठरावीक वेळात किती डिझेल येते ते पाहतात. एकाच बाटलीत इतरांपेक्षा फारच जास्त आले, तर तो इंजेक्टर दाब गिळतो आहे. हे काम पंप-नोझलच्या जाणकाराकडूनच करून घ्यावे.

८. शेवटी हायप्रेशर पंप. इथपर्यंत सगळे ठीक निघाले तर दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह आणि मग पंप. पंपाच्या तोंडाशी किंवा फिल्टरच्या भांड्यात चकाकणारा धातूचा कीस दिसला, तर पंप आतून झिजतो आहे. मग नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, पाइप आणि रेल धुऊन, इंजेक्टर तपासून घेतले नाहीत, तर तोच कीस नव्या पंपालाही खातो.

हे करू नये

जुन्या गाड्यांत चालू इंजिनवर नोझलच्या पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मिस मारतो ते पाहायची पद्धत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. गळती शोधतानाही बोट फिरवू नये, लांबून पुठ्ठा धरावा. इंजिन बंद केल्यावरही पुस्तकात सांगितलेला वेळ थांबून, स्कॅनरवर दाब उतरल्याची खात्री करूनच पाइप खोलावा.

धार लागलीच तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही. तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे आणि 'दाबाखालचे डिझेल आत गेले आहे' हे स्पष्ट सांगावे. अशा जखमेला बहुतेक वेळा तातडीची शस्त्रक्रिया लागते; उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचेच मिळते. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवली तरी पंपाचे तेच नुकसान होते. आणि गाडी चालू होत नाही म्हणून सलग सेल्फ मारत बसू नये. १० ते १५ सेकंद मारून अर्धा मिनिट थांबावे. दोन-तीन वेळा होऊनही इंजिन धरत नसेल, तर आधी हवा काढावी.

बदललेला जुना भाग मागून घ्यावा, आणि कुठल्या तपासणीत काय आकडा आला तो बिलावर लिहून घ्यावा. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यात अडली, तर तिथल्या फिटरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.