गिल्डासची ‘आमची भाषा’

सहाव्या शतकातील ब्रिटनचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास गिल्डास या ब्रिटिश धर्मपुरुषाच्या दाराशी जावेच लागते आणि तेथून बहुधा तो असमाधानाने परततो. ‘ब्रिटनचा विनाश’ या विषयावरील त्याच्या लॅटिन ग्रंथात आज ११० प्रकरणे मोजली जातात. त्यांपैकी इतिहासाचे कथन २६ व्या प्रकरणाशीच संपते. पुढील सारा ग्रंथ म्हणजे तत्कालीन राजांची व धर्माधिकाऱ्यांची बायबलच्या आधारे केलेली निर्भर्त्सना होय. त्यात सन एकही नाही. इ. स. १२२ च्या सुमारास हेड्रियनने आरंभिलेली भिंत रोमन सत्तेच्या अखेरच्या दिवसांत उभारली गेली, असे तो समजतो. देशात लेख उरले नाहीत, काही शत्रूंनी जाळले, काही परागंदा झालेल्यांनी समुद्रापार नेले, असे कारण तो स्वतःच देतो. ते अविश्वसनीय मानण्याचे प्रयोजन नाही.

त्याच्या चरित्राची स्थितीही याहून बरी नाही. ब्रिटनी प्रांतातील र्‍यूई येथील मठात लिहिलेले एक आणि लानकार्वनच्या काराडोकने बाराव्या शतकात लिहिलेले दुसरे, अशी दोन चरित्रे उपलब्ध आहेत. दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी रचलेली. पहिल्यानुसार तो क्लाइड नदीच्या प्रदेशात जन्मला, इल्टुडजवळ शिकला व ब्रिटनीत निवर्तला. दुसऱ्यानुसार त्याचा अंत ग्लॅस्टनबरीस झाला, आणि आर्थर राजाने त्याच्या भावास ठार केले होते. गंमत अशी की, गिल्डासच्या ग्रंथात आर्थरचे नावही नाही. मठाला आपला संत हवा होता व ग्लॅस्टनबरीला आपला, इतकेच यावरून निश्चित होते. खरा आधार दोनच ठिकाणी सापडतो. इ. स. ६०० च्या सुमारास आयरिश यती कोलंबानुस पोपला लिहिलेल्या पत्रात गिल्डासचा प्रमाणपुरुष म्हणून निर्देश करतो, हा एक. आणि बेडन डोंगराच्या वेढ्याच्या वर्षी आपला जन्म झाला हे गिल्डासचे स्वतःचे विधान, हा दुसरा. या विधानातील ४४ वर्षांचा उल्लेख इतका संदिग्ध आहे की, ७३१ मध्ये आपला इतिहास पुरा करणाऱ्या बीडने त्याचा निराळाच अर्थ लावला. वेल्श वार्षिकवृत्तांत बेडनचे वर्ष ५१६ व गिल्डासच्या मृत्यूचे ५७० असे नोंदलेले आहे. परंतु त्या नोंदी फार उत्तरकालीन आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या मते गिल्डासची खरी साक्ष घटनांविषयी नसून भाषेविषयी आहे. सॅक्सन लोक तीन जहाजांतून आले, हे सांगताना तो त्या जहाजांना त्यांच्या भाषेतील शब्द देतो. ‘क्यूल’ हा तो शब्द, इंग्रजीतील ‘कील’शी नाते सांगणारा. लगेच तो म्हणतो की, आमच्या भाषेत यांना लांब नौका म्हणतात. आता हे ‘आमचे’ शब्द लॅटिन आहेत! रोमन शासन जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली होती, घरीदारी ब्रिटॉनिक बोलली जात होती, आणि तरीही परक्यांसमोर उभे राहताना हा मनुष्य लॅटिनला आपली भाषा म्हणतो. आपल्या लोकांसही तो ‘नागरिक’ हाच रोमन शब्द लावतो.

मात्र एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. कुनेग्लासुस या राजास फटकारताना तो त्याच्या नावाचा अर्थ देतो, तेव्हा लॅटिनला ‘रोमन भाषा’ म्हणतो. अर्थही खोडसाळपणे देतो: ‘कुनो’ म्हणजे श्वान, ‘ग्लास’ म्हणजे निळसर-करडा, गिल्डास मात्र ‘पिंगट खाटीक’ असे भाषांतर करतो. ब्रिटॉनिक न कळणाऱ्यास असा उपहास सुचणे कठीण. सॅक्सनांना बोलावणाऱ्या राजास तो ‘गर्विष्ठ जुलमी’ म्हणतो, त्यातही व्होर्टिगर्न या नावावर श्लेष असावा, असे अनेक विद्वानांचे मत आहे. ‘व्होर’ म्हणजे वरचा व ‘टिगर्नोस’ म्हणजे स्वामी. सारांश, ‘आमची’ हा शब्द समोर कोण आहे त्यावर ठरतो. सॅक्सनांपुढे लॅटिन आमची. स्वकीय राजापुढे ती रोमन.

ही लॅटिन मठातच शिकलेली दिसत नाही. त्याची लांबलचक, गुंतागुंतीची वाक्ये व्याकरण आणि वक्तृत्व शिकविणाऱ्या जुन्या रोमन पद्धतीच्या शाळेची आठवण देतात. १९८४ मध्ये मायकेल लॅपिज यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला. माग्लोकुनुस राजाला ब्रिटनमधील अत्यंत सुसंस्कृत गुरू लाभला होता, असे गिल्डास त्याला लाजविण्यासाठी सुनावतो. दरबारात ही निंदा समजणारे कोणी नसते, तर असे लिहिण्यात अर्थ नव्हता.

दक्षिण वेल्समधील कास्टेल ड्वायरन येथे १८९५ मध्ये सापडलेला एक स्मृतिशिलालेख येथे विचारात घेण्याजोगा आहे. त्यावर लॅटिन लिपीत ‘व्होटेपोरिगिस’ व कडेला आयरिश ओघम लिपीत ‘व्होटेकोरिगस’ असे एकच नाव आहे. ब्रिटॉनिकचा ‘प’ व आयरिशचा ‘क’ एकाच दगडावर! नावापुढे ‘प्रोटेक्टर’ ही रोमन लष्करी पदवी आहे. हाच गिल्डासने निंदिलेला व्होर्टिपोर राजा, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु एका नावाचे पूर्वपद ‘व्होर’ आहे, दुसऱ्याचे ‘व्होटे’; ध्वनिनियमांनी एकातून दुसरे निघत नाही. तेव्हा तो राजा निराळा मानणेच आम्हांस युक्त वाटते.