गाण्यांचा कागद

२०२३च्या उन्हाळ्यात लेकीकडे ओहायोत होते. तिच्या गावाला तेव्हा दोनशे वर्षं पूर्ण झाली होती. हिरवळीवर घडीच्या खुर्च्या, लिंबाचं सरबत, आणि माझ्याच वयाच्या मंडळींचा गायकवृंद. कार्यक्रम होता ‘गाण्यांतून अमेरिकेचा इतिहास’. आल्या आल्या हातात गाण्यांचा छापील कागद मिळाला. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं!

सुरुवात ‘यांकी डूडल’ने. वसाहतीतल्या गावंढळ शिपायांची टिंगल करायला ब्रिटिश सैनिक हे म्हणत. शिपायांनी तेच उचललं आणि लढाई जिंकून मिरवलं. राष्ट्रगीताची गोष्ट त्याहून गमतीची. १८१४ साली बाल्टिमोरच्या किल्ल्यावर ब्रिटिशांनी रात्रभर तोफा डागल्या, पहाटे झेंडा जागेवरच दिसला, म्हणून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने कविता लिहिली. चाल मात्र लंडनच्या एका क्लबातल्या गाण्याची! ज्यांचे गोळे झेलले त्यांचीच चाल. अधिकृत राष्ट्रगीत व्हायला १९३१ उजाडलं.

मग स्टीफन फॉस्टरचं १८४८चं ‘ओ! सुसाना’. कॅलिफोर्नियात सोनं शोधायला निघालेल्यांच्या तोंडी हेच असायचं. पोरं टाळ्या वाजवत होती, नातू तर खुर्चीवर उभा राहून नाचत होता. मीही ठेका धरला.

घरी येऊन, मास्तरकीची खोड म्हणून, पूर्ण गाणं शोधलं. मूळ दुसऱ्या कडव्यात शेकडो काळ्या माणसांच्या मरणावर विनोद आहे. गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करायची, अशा तमाशांच्या काळातलं ते गाणं. कागदावर ते कडवं नव्हतं. मुलांसमोर म्हणू नये, हे मलाही पटतं. पण निवेदनात एक वाक्य? कार्यक्रमाचं नाव ‘इतिहास’ होतं ना?

‘डिक्सी’ तर यादीतच नव्हतं. खरं तर ते १८५९चं, आणि डॅनियल एमेट हा ओहायोचाच माणूस. यादवी युद्धात ते दक्षिणेचं गाणं होऊन बसलं. १८६५च्या एप्रिलमध्ये लीने शरणागती पत्करली तेव्हा लिंकनने बँडला मुद्दाम तेच वाजवायला लावलं. आता हे गाणंही आपण जिंकून घेतलंय, अशी कोपरखळी मारून. हा किस्सा वर्गात सांगायला काय मजा आली असती!

शेवटचं गाणं ‘वी शॅल ओव्हरकम’. चाल सुरू झाली आणि माझ्या तोंडून आपोआप ‘हम होंगे कामयाब’ निघालं. शेजारच्या आजींनी चमकून पाहिलं. म्हटलं, आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मुलं हेच म्हणायची, मीच बसवून घ्यायचे. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कसं पोचलं?” गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलं, एवढं सांगितलं. आणि गप्प बसले. पुढचं मला माहीतच नव्हतं.

तेही मग वाचून काढलं. चर्चमधल्या जुन्या भजनावरून आलेलं हे गाणं १९४५-४६ साली चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी काळ्या बायकांनी गायलं. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर शाळेत गेलं, झिल्फिया हॉर्टनबाईंनी ते पीट सीगरना शिकवलं, आणि १९६०च्या दशकात ते समान हक्कांच्या चळवळीचं गाणं झालं. इतकी वर्षं मुलांकडून गाणं घोटवून घेतलं. सूर चुकला की ओरडायचे. पण हे कुणाचं, ते कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. शेजारच्या आजींसमोर मान खाली गेली ती त्याचीच.

कागद सांभाळून पुण्याला आणलाय. ‘सुसाना’च्या खाली राहिलेलं कडवं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. नातवाला अजून दाखवलेलं नाही.