उत्तरसंस्करण, चलच्चित्रांचे

चित्रपटाचे किंवा व्हिडिओ खेळाचे दृश्य तयार झाल्यानंतर, परंतु ते प्रेक्षकाच्या वा खेळाडूच्या नजरेस पडण्यापूर्वी, त्याचे रंग, छायाप्रकाशाचे प्रमाण, रेखीवपणा इ. गुणांत केलेल्या फेरफारास उत्तरसंस्करण म्हणतात. या संस्करणात पात्रे, वस्तू वा कॅमेऱ्याचे स्थान बदलत नाही; तयार प्रतिमेचेच रूप पालटले जाते. अशा फेरफारांची परस्परांशी जुळविलेली मूल्ये एकत्र नोंदवून ती हवी तेव्हा एकदम लागू करता आली, की त्या संचास प्रीसेट ही संज्ञा लावतात. ही संज्ञा व्हिडिओ खेळांच्या संदर्भात विशेष रूढ झाली असली, तरी तिच्यामागील कल्पना मूकपटाइतकी जुनी आहे. पुणे शहराचा या इतिहासाशी तीन प्रसंगी संबंध आला : प्रभात फिल्म कंपनीचा रंगीत चित्रपटाचा प्रयोग, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील जुन्या चित्रपटांचे पुनरुज्जीवन आणि अलीकडील व्हिडिओ खेळांची निर्मिती. मूळ प्रतिमेत जे नोंदलेले नाही, ते मागाहून तीत कितपत आणता येते, हा प्रश्न या तिन्ही प्रसंगी उपस्थित झाला.

पूर्वेतिहास : मूकपटांच्या कृष्णधवल फितीस रंग देण्याच्या दोन रासायनिक पद्धती जगभर प्रचलित होत्या. पहिल्या पद्धतीत छापलेली फीत रंगद्रावणात बुडवीत. त्यामुळे संपूर्ण चौकट रंगे आणि चित्रातील पांढऱ्या जागी रंग सर्वांत अधिक उठून दिसे. दुसऱ्या पद्धतीत फितीवरील चांदीच्या कणांचे रंगीत संयुगात रूपांतर करीत. त्यामुळे छायेचे भाग रंगीत होत. पांढऱ्या जागा मात्र पांढऱ्याच राहत. रात्रीसाठी निळा, दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर व आगीसाठी तांबडा, असे रंगांचे संकेत ठरून गेले होते. भर दिवसा घेतलेले दृश्य निळ्या द्रावणात बुडवून रात्रीचे म्हणून दाखविता येई. प्रसंगानुसार लागू करावयाचे हे ठरीव रंग म्हणजे आजच्या प्रीसेटचे पूर्वरूपच होय. बोलपटाच्या आगमनानंतर फितीच्या कडेवरील ध्वनिपट्टीतून जाणाऱ्या प्रकाशास रंगाचा अडथळा होऊ लागला. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२९ मध्ये ध्वनीस बाधक न होणाऱ्या रंगीत फिती बाजारात आणल्या, तरीही रंगद्रावणाची प्रथा हळूहळू मागे पडली.

सैरंध्रीचा प्रयोग : बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा मूकपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन गौरविले. पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल व केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ही कंपनी पुण्यास आली. त्याच वर्षी प्रभातने सैरंध्रीची कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा पडद्यावर आणली. हा चित्रपट रंगीत करण्याच्या उद्देशाने शांताराम त्याच्या फिती घेऊन जर्मनीस गेले व तेथील प्रयोगशाळेत रंगीत प्रती छापविल्या. त्या समाधानकारक निघाल्या नाहीत. रंग भडक व अस्वाभाविक दिसले आणि प्रयोग अयशस्वी ठरला.

या अपयशाचा विचार करताना त्या काळच्या रंगतंत्राची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. तेव्हा उपलब्ध असलेल्या पद्धती बहुतांशी द्विरंगी होत्या. त्यांपैकी एका प्रमुख पद्धतीत कॅमेऱ्यात दोन फिती एकमेकींस चिकटून धावत. पुढील फीत निळसर-हिरवा प्रकाश नोंदवी, तर मागील फीत तांबूस प्रकाश. छापताना एका बाजूस निळसर व दुसऱ्या बाजूस तांबूस रंग देऊन दोन्ही चित्रे एकाच पारदर्शक फितीवर आणीत. त्वचेचा वर्ण व आकाश बऱ्यापैकी साधे. परंतु शुद्ध पिवळा, जांभळा व गवताचा हिरवा हे रंग नीट उमटत नसत. दोन नोंदींतून तिसरा रंग निर्माण करणे प्रयोगशाळेच्या हाती नव्हते. भारतातच रंगीत केलेला पहिला चित्रपट मानला जाणारा इंपीरियल कंपनीचा किसान कन्या (१९३७) हाही सिनेकलर या द्विरंगी पद्धतीचाच होता.

जर्मनीच्या त्या वास्तव्याचा प्रभातला मात्र अन्य प्रकारे लाभ झाला. पुण्यात तयार झालेला कंपनीचा पहिला चित्रपट अमृतमंथन (१९३४) याच्या आरंभी टेलिफोटो भिंगाने घेतलेले चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे समीपदृश्य विशेष गाजले. मागाहून चढविलेला रंग फसला, तर चित्रीकरणाच्या वेळीच साधलेली सुधारणा यशस्वी झाली, असे या दोन चित्रपटांकडे एकत्र पाहिल्यास दिसून येते. रंगाचे शांतारामांचे स्वप्न पुढे राजकमल कलामंदिराच्या झनक झनक पायल बाजे (१९५५) या टेक्निकलर चित्रपटात फलद्रूप झाले. टेक्निकलरच्या त्रिरंगी पद्धतीत तीन रंगांची स्वतंत्र नोंद चित्रीकरणाच्या वेळीच होत असे.

रंगनियंत्रण : रंगीत फीत सार्वत्रिक झाल्यावर उत्तरसंस्करणाचे मुख्य काम निराळ्या स्वरूपाचे झाले. सकाळी व दुपारी घेतलेली दृश्ये एकापुढे एक आली असता त्यांच्या रंगांतील तफावत खटकू नये, यासाठी छपाईयंत्रातील तांबडा, हिरवा व निळा प्रकाश प्रत्येक दृश्यासाठी कमीअधिक करीत. प्रत्येक रंगास सु. ५० पायऱ्या असत. त्या ठरविणाऱ्या तंत्रज्ञास ग्रेडर म्हणत. प्रभातच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा या जागेत चित्रपटाच्या इतर अंगांबरोबर छायालेखनाचे व प्रयोगशाळेतील कामाचेही पद्धतशीर शिक्षण सुरू झाले.

अमेरिकेतील ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ ? (२०००) या चित्रपटाच्या फितीचे सर्व चित्र संगणकात घेऊन त्यातील हिरवी झाडी वाळलेल्या सोनेरी छटेची करण्यात आली. संपूर्ण चित्रपटाचे रंगनियंत्रण संगणकावर करण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. संगणकावर रंगांचा असा पालट एका सारणीच्या रूपाने साठविता येतो : मूळ रंग अमुक असेल, तर त्याजागी अमुक दाखवावा. तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे प्रत्येकी ३३ टप्पे घेतल्यास सारणीत ३५,९३७ नोंदी होतात. मधल्या छटा हिशेबाने काढतात. हीच सारणी, लहान आकारात, व्हिडिओ खेळांत आली.

व्हिडिओ खेळांतील उपयोग : चित्रपटाचे संस्करण एकदाच केले जाते, खेळातील चित्र मात्र क्षणोक्षणी नव्याने घडत असल्याने त्याचे संस्करणही तेवढ्याच वेगाने व्हावे लागते. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर सेकंदास ६० चित्रे दाखवावयाची झाल्यास दर सेकंदास सु. १२ कोटी ४४ लक्ष बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. प्रत्येक चित्रासाठी एक सेकंदाच्या साठाव्या भागाहून अधिक वेळ मिळत नाही. चित्रबिंदूंवरील क्रिया आज्ञावलीने ठरविता येणारी ग्राफिक्स कार्डे २००१ पासून घरगुती संगणकांत येऊ लागली व हे काम शक्य झाले.

नेहमीच्या संस्कारांत पुढील प्रकार आढळतात : तिरप्या रेषांच्या करवतीसारख्या कडा गुळगुळीत करणे, तेजस्वी भागाभोवती आभा पसरविणे, अंतरानुसार दृश्य अस्पष्ट करणे, कोपऱ्यांत व सांदीत सौम्य छाया आणणे, तीक्ष्णता वाढविणे आणि रंगसारणी लावणे. कोपऱ्यांतील छायेचे तंत्र क्रायसिस (२००७) या खेळामुळे प्रसिद्धीस आले. त्यासाठी प्रत्येक बिंदू डोळ्यांपासून किती अंतरावर आहे, याची खेळाने ठेवलेली नोंद वापरतात.

खेळाच्या निर्मात्यांनी न केलेले संस्कार खेळाडूंनी स्वतः चढविण्याची प्रथा २००७ च्या सुमारास वाढीस लागली. ईएनबी सिरीज व त्यानंतर रीशेड या आज्ञावल्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. रीशेडची संहिता २०१७ पासून सर्वांस खुली आहे. अशी आज्ञावली खेळ व ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये बसते, तयार झालेले चित्र हाती घेते, त्यावर संस्कार करते व मग ते पडद्याकडे पाठविते. कोणते संस्कार, कोणत्या क्रमाने व किती प्रमाणात करावयाचे, हे एका लहानशा मजकूर-फायलीत लिहिलेले असते. हाच प्रीसेट होय. एकाने जुळविलेला संच दुसऱ्यास सहज देता येतो. त्यामुळे जुन्या, फिकट वाटणाऱ्या खेळास अल्पावधीत नवे रूप मिळते.

या पद्धतीचे दोषही तिच्या रचनेतूनच उद्भवतात. संस्कार बहुधा संपूर्ण चौकटीवर होत असल्याने पडद्यावरील अक्षरे व नकाशेही रंगतात वा अस्पष्ट होतात. रंगद्रावणात बुडविलेल्या फितीचीही गत हीच होती. छाया गडद केल्यास अंधारातील तपशील दिसेनासा होतो. तीक्ष्णता वाढविल्यास कडांभोवती पांढुरकी रेघ उमटते. ग्राफिक्स कार्डावरील भार वाढून चित्रांचा वेग मंदावतो. मूळ वस्तूची घडण ओबडधोबड असेल किंवा पृष्ठभागावरील नक्षी अंधुक असेल, तर कोणताही प्रीसेट तिच्यात नवा तपशील भरू शकत नाही. अनेकांनी मिळून खेळावयाच्या स्पर्धांत अंतराच्या नोंदीचा गैरवापर करून लपलेला प्रतिस्पर्धी शोधता येतो. यास्तव अशा खेळांत ती नोंद वापरण्यास सामान्यतः प्रतिबंध असतो.

पुण्यातील एक उदाहरण : युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची पुणे येथील शाखा २००८ पासून आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्‌स ऑफ टाइम (२००३) या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे व मुंबई येथील शाखा तयार करीत असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. प्रथमच दाखविलेल्या चित्रफितीतील ग्राफिक्सवर जगभरच्या खेळाडूंनी टीका केली. प्रकाशन लांबणीवर पडले आणि मे २०२२ मध्ये हे काम कंपनीच्या कॅनडातील मॉन्ट्रियल शाखेकडे सोपविण्यात आले. येथे केवळ उत्तरसंस्करण नव्हे, तर संपूर्ण दृश्यरचनाच नव्याने करावयाची होती. तथापि मूळ खेळाची मंद, सोनेरी आभा खेळाडूंच्या स्मरणात इतकी ठसली होती, की अधिक बिंदूंचे व अधिक तपशिलाचे चित्रही त्यांना उणे वाटले. चित्राची तांत्रिक प्रत व त्याचा परिणाम या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

पुनरुज्जीवन व सुधारणा : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले. पी. के. नायर यांनी १९९१ पर्यंत त्याची जोपासना केली. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. जुन्या नायट्रेट फिती अत्यंत ज्वालाग्राही असतात. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील अशा फितींच्या कोठारास आग लागून संग्रहालयाची मोठी हानी झाली. मूळ नष्ट झाल्यावर उरलेल्या प्रतीतील उणिवा कोणत्याही संस्काराने पूर्णतः भरून येत नाहीत, ही गोष्ट त्या आगीने प्रत्ययास आणून दिली.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २०२२ मध्ये सु. २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची योजना जाहीर झाली. सत्यजित राय यांचा प्रतिद्वंद्वी (१९७०) हा पुनरुज्जीवित चित्रपट त्याच वर्षी कान महोत्सवात दाखविण्यात आला. या कामात ओरखडे, धूळ व चित्राची थरथर काढतात, तसेच उडालेले रंग व छायाप्रकाश सावरतात. सर्व चित्रपटांस एकच ठरीव संच लावून हे काम साधत नाही. दिग्दर्शक वा छायालेखक हयात असल्यास त्यांचा सल्ला आणि जुन्या चांगल्या प्रतीचा आधार आवश्यक ठरतो. कारण मूळ चित्रातील दाणेदारपणा हा दोष नसून फितीचा स्वभाव असतो. याउलट मुगल-ए-आझम (१९६०) हा मुख्यतः कृष्णधवल चित्रपट २००४ मध्ये संगणकाने रंगीत करून प्रदर्शित झाला. पुनरुज्जीवनात मूळ रूपाचा शोध असतो. अशा रंगीकरणात नव्या रुचीस मान दिला जातो. दोहोंची गल्लत होऊ नये, असे जतनशास्त्रात मानतात.

या दृष्टीने खेळाडूच्या प्रीसेटमध्ये एक गुण आहे, जो रंगद्रावणात बुडविलेल्या फितीस नव्हता : एक कळ दाबताच तो दूर होतो व मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. मूळ प्रत अबाधित राखणे, केलेल्या फेरफाराची नोंद ठेवणे आणि तो पूर्ववत करता येणे, या तीन अटी पाळल्यास उत्तरसंस्करणाने नुकसान होत नाही. चित्रपटसंग्रहालयांनी पुष्कळ हानी सोसून स्वीकारलेली ही शिस्त खेळांच्या जतनासही तितकीच उपयुक्त आहे.