ग्रॅज्युअली गोइंग टॉर्नेडो

‘ब्रुफर्ड’ या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक–फ्यूजन गटाचा १९८० सालचा, अखेरचा स्टुडिओ अल्बम. ‘येस’ आणि ‘किंग क्रिमसन’मध्ये नाव कमावलेला ड्रमर बिल ब्रुफर्ड हा या गटाचा प्रमुख. डेव्ह स्ट्युअर्ट (कीबोर्ड), जॉन क्लार्क (गिटार) आणि न्यूयॉर्कचा जेफ बर्लिन (बेस) हे त्याचे साथीदार. अल्बमचे वेगळेपण मुख्यत्वे बर्लिनच्या वाढलेल्या कामगिरीत आहे.

ही वाढ टप्प्याटप्प्याने झाली. ‘फील्स गुड टू मी’ (१९७८) या ब्रुफर्डच्या नावावरच्या पहिल्या अल्बममध्ये बर्लिन फक्त वादक होता. गाण्यासाठी ॲनेट पीकॉक होती. पुढचा ‘वन ऑफ अ काइंड’ (१९७९) जवळजवळ पूर्णपणे वाद्यसंगीताचा. त्यातल्या ‘फाइव्ह जी’ या रचनेच्या श्रेयात ब्रुफर्ड आणि स्ट्युअर्टबरोबर बर्लिनचेही नाव आले. त्यानंतर गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ गट सोडून गेला. त्याच्या लांब, वाहत्या सुरावटींनी व्यापलेली जागा मोकळी झाली आणि क्लार्क चांगला वादक असूनही ती पूर्ण भरली नाही. बेसला पुढे यायला वाव मिळाला तो इथे.

‘टॉर्नेडो’मध्ये बर्लिन मुख्य गायकही झाला. ‘एज ऑफ इन्फर्मेशन’, ‘गॉथिक १७’, ‘द स्लायडिंग फ्लोअर’ यांसारख्या गाण्यांत त्याचा आवाज आहे. अवघड मात्रांचा बेस वाजवता वाजवता गाणे ही सोपी गोष्ट नव्हे. तरीही गायन हीच अल्बमची लंगडी बाजू: आवाज ताणलेला वाटतो आणि गुंतागुंतीच्या स्वररचनेवर शब्द उपरे राहतात. बार्बरा गॅस्किन आणि अमांडा पार्सन्स यांच्या साथीच्या आवाजांत जो सहजपणा आहे, तो बर्लिनच्या गाण्यात सापडत नाही.

बर्लिनची खरी झेप शब्दांविना आहे. ‘जो फ्रेझर’ ही हेवीवेट मुष्टियोद्ध्याच्या नावाची रचना सर्वस्वी त्याची. तिची मुख्य सुरावटच बेससाठी बांधलेली असल्याने खर्जातले वाद्य नायक ठरते आणि गिटार-कीबोर्ड त्याच्या मागे धावतात. याच्या अगदी उलट प्रकृतीची ‘पेलवेल पार्क’: पियानो आणि बेस, दोघांचाच संथ संवाद. रचना ब्रुफर्डची, पण तीत ड्रम नाहीत! गटप्रमुखाने स्वतः बाजूला होऊन बेसला गाऊ दिले, आणि गळ्याने जे साधले नव्हते ते बर्लिनच्या बोटांनी साधले. संपूर्ण अल्बममध्ये ऐकावे असे एकच काही सांगायचे तर हेच.

१९८० मध्येच गट विसर्जित झाला; ब्रुफर्ड नव्याने उभ्या राहिलेल्या ‘किंग क्रिमसन’मध्ये गेला. बर्लिनने ‘जो फ्रेझर’ मात्र सोडली नाही, ‘पंप इट!’ (१९८६) या आपल्या अल्बममध्ये त्याने तिची ‘राउंड २’ ही आवृत्ती काढली. पुढे १९८९ मध्ये ‘अँडरसन ब्रुफर्ड वेकमन हाऊ’ या गटाच्या दौऱ्यात बेसवादक टोनी लेव्हिन आजारी पडला, तेव्हा त्याच्या जागी बर्लिनच उभा राहिला.